डिझाइनसाठी मॉनिटर: किती इंच, किती पैसे आणि कशासाठी

सप्टेंबर संपत आला की पुण्यातल्या ऑफसेट प्रेसमध्ये दिवाळी अंकांची मुखपृष्ठं मशीनवर चढतात. डिझायनर पहिला ताव उजेडात धरतो आणि म्हणतो, "स्क्रीनवर इतकं गडद नव्हतं हो." मशीनमन डेन्सिटोमीटर लावून दाखवतो, शाई ठरल्याप्रमाणेच बसलेली असते. माझ्या एका मुखपृष्ठाचं असंच झालं. जांभळट संध्याकाळ छापून आली आणि तिच्यातली झाडंच दिसेनात. घरी येऊन पाहिलं तर मॉनिटरचा ब्राइटनेस शंभर टक्क्यांवर. दुकानातून आणला तसाच दोन वर्षं वापरत होते.

नवा मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर साधारण २५० ते ३५० निट्स उजेड देतो. छापील कागदाशी मेळ बसायला तो ८० ते १२० निट्सच्या आसपास आणावा लागतो. ही दुरुस्ती फुकट आहे, म्हणून ती सगळ्यात आधी सांगते. मॉनिटर बदलायचा विचार मनात असेल तर जुन्याचा ब्राइटनेस उतरवा, आपलंच छापून आलेलं एखादं काम शेजारी ठेवा आणि आठवडाभर तसंच काम करा. तक्रार फक्त गडद छपाईची असेल, तर बहुधा इथेच मिटेल. अक्षरांच्या कडा फुटक्या दिसत असतील, लाल आणि भगवा पटत नसतील, किंवा लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर पॅनेल उघडमीट करण्यातच दिवस जात असेल, तर खर्च करण्यात अर्थ आहे. तो कुठे करावा आणि कुठे हात आखडावा, हे पुढे सांगते.

सत्तावीस इंचच का

ए-फोर पान २१० बाय २९७ मिलिमीटरचं, म्हणजे उंचीला ११.७ इंच. चोवीस इंची रुंद मॉनिटरची उंची ११.८ इंच असते. त्यात मेनू आणि टूलबारची पट्टी धरली की पान खऱ्या आकारात मावत नाही. सत्तावीस इंचीची उंची १३.२ आणि रुंदी २३.५ इंच. ए-फोरची जोडपानं, म्हणजे साडेसोळा बाय ११.७ इंच, खऱ्या मापात उघडतात आणि शेजारी सात इंच पॅनेलला उरतात. मांडणी करताना टाइप मोठा वाटतो की छोटा, समास अंगावर येतो का, हे खऱ्या मापातच कळतं. झूम करून पाहिलेलं पान डोळ्याला फसवतं. ए-थ्री पोस्टरही आडवं तितक्याच जागेत बसतं.

बत्तीस इंची उत्तम, पण त्याला खोल टेबल लागतं. स्क्रीनपासून डोळ्यापर्यंत अडीच फूट अंतर मिळत नसेल तर मान डावी-उजवी फिरवत बसावं लागतं. एक बेडरूम किंवा हॉलचा कोपरा हाच ज्यांचा स्टुडिओ आहे, त्यांनी आधी टेप लावून टेबल मोजावं.

आता पिक्सेल. सत्तावीस इंचांत फुल एचडी घेतला तर इंचाला साधारण ८२ पिक्सेल पडतात. क्यूएचडी, म्हणजे २५६० बाय १४४० असेल तर १०९. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६० असेल तर १६३, आणि फाइव्ह-के म्हणजे ५१२० बाय २८८० असेल तर २१८. आकडे कोरडे वाटतात, पण देवनागरी लावून बघा. दहा पॉइंटचं अक्षर शंभर टक्क्यांवर पाहिलं तर फुल एचडीवर त्याच्या वाट्याला उंचीत जेमतेम ११ पिक्सेल येतात. 'मूर्ती' हा शब्द घ्या. खाली दीर्घ उकार, मध्ये अक्षराचा देह, वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी आणि त्या वेलांटीला चिकटून रफार. हे सगळं अकरा पिक्सेलांत कोंबायचं म्हटल्यावर रफार वेलांटीत विरघळतो आणि शिरोरेषा कधी जाड, कधी बारीक दिसते. क्यूएचडीवर तेच अक्षर १५ पिक्सेलांत उतरतं, फोर-केवर २३, फाइव्ह-केवर ३०. रोमन लिपीत काम करणाऱ्याचं क्यूएचडीवर बरंचसं भागतं. मराठी पुस्तकाची पानं लावणाऱ्याला, जोडाक्षरांचं कर्निंग तपासणाऱ्याला किंवा अक्षररचना करणाऱ्याला फोर-केचा फरक पहिल्या तासात जाणवतो. माझ्या मते मराठी टाइपसाठी जास्तीचे पैसे मोजण्याचं हेच सगळ्यात भक्कम कारण आहे.

एक इशारा मात्र हवा. सत्तावीस इंची फोर-के विंडोजवर १५० टक्के स्केलिंगला चालवावा लागतो, नाहीतर मेनू मुंगीएवढे होतात. नव्या सॉफ्टवेअरना त्याची सवय आहे. आपल्याकडे कित्येक डीटीपी केंद्रांत अजून पेजमेकर आणि कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्या चालतात, कारण वर्षानुवर्षांच्या फाइली त्यांच्यात अडकलेल्या आहेत. ही जुनी सॉफ्टवेअर स्केलिंगमध्ये धूसर तरी दिसतात, नाहीतर त्यांची बटणं सापडेनाशी होतात. तुमचा दिवस त्यांच्यातच जात असेल तर क्यूएचडी घ्या आणि वाचलेले पैसे रंगावर लावा.

मॅकवाल्यांसाठी वेगळं गणित आहे. सत्तावीस इंची फाइव्ह-केवर मॅक प्रत्येक गोष्ट बरोबर दुप्पट पिक्सेलांत काढतो, त्यामुळे अक्षर काचेवर कोरल्यासारखं दिसतं. फोर-केवर तेवढीच कामाची जागा हवी असेल तर तो आधी फाइव्ह-केचं चित्र बनवतो आणि मग ते आकसून दाखवतो. अक्षर किंचित मऊ होतं. काहींना ते खटकतं, बहुतेकांना कळतही नाही. घेण्याआधी कुणाकडे तरी बसून पाहावं. घरात जुना सत्तावीस इंची फाइव्ह-के आयमॅक पडून असेल तर तो केबल लावून थेट मॉनिटर म्हणून वापरता येत नाही. २०१४ पासूनच्या रेटिना आयमॅकमध्ये ती सोय काढून टाकली आहे.

चौतीस इंची अल्ट्रावाइड दुकानात भुरळ घालतात. ३४४० बाय १४४० मध्ये इंचाला ११० पिक्सेल, म्हणजे धार क्यूएचडीचीच. व्हिडिओच्या लांब टाइमलाइनला चांगला, पानांच्या कामाला त्याची गरज नाही.

रंग: खोक्यावरचा कोणता आकडा वाचायचा

खोक्यावर एसआरजीबी, अडोबी आरजीबी आणि पी-थ्री अशी तीन नावं दिसतील. एसआरजीबी हे १९९६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्टने ठरवलेलं माप. वेबसाइट, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पत्रिका यांचा व्यवहार याच मापात चालतो. या कामाला मॉनिटर एसआरजीबीचे ९९ ते १०० टक्के रंग दाखवत असला की पुरे. खोक्यावर '७२ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल तर ते साधारण पूर्ण एसआरजीबीइतकं धरा. '४५ टक्के एनटीएससी' दिसलं तर तो मॉनिटर हिशोबाच्या कामाला ठीक, डिझाइनसाठी नाही. स्वस्त लॅपटॉपांच्या स्क्रीन बहुधा याच मापाच्या असतात, आणि बाहेरचा मॉनिटर घेण्याचं ते एक रास्त कारण आहे.

छपाईचं माप वेगळं. आर्ट पेपरवर शंभर टक्के सायन छापला तर तो निळा एसआरजीबीच्या कुंपणाबाहेर जातो. साध्या मॉनिटरवर तो खरा दिसूच शकत नाही. अडोबी आरजीबी १९९८ मध्ये आलं ते हा निळा-हिरवा भाग कवेत घेण्यासाठीच. पॅकेजिंग, चित्रकारांचे कॅटलॉग, कलापुस्तकं अशी कामं करणाऱ्यांनी अडोबी आरजीबीचा टक्का बघावा. पी-थ्री सिनेमाच्या पडद्याकडून आलेलं माप. त्यात लाल-केशरी बाजू ऐसपैस आहे, आणि महागड्या फोन-लॅपटॉपमध्ये आता हेच असतं.

भगव्याचं दुखणं याच्या नेमकं उलट आहे. स्क्रीनवरचा झगझगीत भगवा मॉनिटर दाखवतो, पण पिवळी आणि किरमिजी शाई मिळून तो कागदावर उतरत नाही. ग्राहक म्हणतो रंग विटला. इथे महाग मॉनिटरने काही साधत नाही. फाइल सीएमवायकेमध्ये घेऊन प्रेसने दिलेल्या प्रोफाइलवर सॉफ्ट प्रूफ लावला की कागदावरचा भगवा कसा येणार याचा अंदाज आधीच मिळतो, आणि ग्राहकाला तोच दाखवता येतो. पोपटी हिरव्याचं आणि गडद विजेरी निळ्याचंही असंच.

जास्त रंग दाखवणारा मॉनिटर घेतला तर त्यात एसआरजीबी मोड आहे याची खात्री करा. रंगव्यवस्थापन न जाणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा मॉनिटरवर सगळं भडक दिसतं. ते पाहून तुम्ही रंग उतरवता, आणि ग्राहकाच्या फोनवर काम फिकं पोहोचतं.

पॅनेल आयपीएस घ्या. बाजूने पाहिलं तरी रंग पालटत नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्या संपादकाला तेच दिसतं जे तुम्हाला दिसतं. व्हीए पॅनेलचा काळा अधिक गडद, पण कोनानुसार छटा सरकते. ओएलईडी डोळ्याला फार देखणा असतो, मात्र दिवसभर एकाच जागी ठाण मांडून बसलेले टूलबार त्याच्यावर कालांतराने कायमची छाप सोडू शकतात, आणि बऱ्याच ओएलईडी पॅनेलांवर बारीक अक्षरांना रंगीत किनार दिसते. पानं लावणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

'डेल्टा ई २ पेक्षा कमी' हा आकडा कामाचा. मूळ रंग आणि दिसणारा रंग यांच्यातला फरक त्यातून कळतो. डेलची अल्ट्राशार्प, बेनक्यूची पीडी आणि आसुसची प्रोआर्ट या मालिका कारखान्यातून रंग जुळवून येतात. '१०७ कोटी रंग' म्हणजे दहा बिटचा पाठिंबा, ग्रेडियंटसाठी चांगला. आठ बिटला एक कोटी ६७ लाख छटा मिळतात. 'एचडीआर १०' या शिक्क्याचा अर्थ मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो, एवढाच. १४४ हर्ट्झ, लाखभर डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, रंगीत दिव्यांचं स्टँड यांच्यासाठी डिझायनरने एक रुपयाही जास्त देऊ नये.

लॅपटॉपच्या पोर्टात अडकणारे पैसे

मॉनिटर घरी येतो, केबल लावली जाते आणि माउस अडखळत चालतो. कारण अशा वेळी बहुधा लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ चं असतं. ते फोर-के सेकंदाला फक्त ३० वेळा दाखवू शकतं. साठसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं. मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या पानावर हे आधी बघा.

यूएसबी-सी असेल तर सुख आहे: एकाच केबलने चित्र जातं आणि लॅपटॉपही चार्ज होतो. पण प्रत्येक यूएसबी-सीतून चित्र जात नाही. काही फक्त डेटासाठी असतात. फोनबरोबर आलेली केबल तर बहुतेक वेळा चित्र नेतच नाही, आणि लोक मॉनिटर बिघडला म्हणून परत करायला निघतात. चार्जिंगचे वॅटही बघा. मॅकबुक एअरसारख्या हलक्या यंत्राला ६५ वॅट पुरतात, मोठ्या लॅपटॉपला ९० च्या पुढे लागतात. एम-वन आणि एम-टू मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर जोडता येतो. दोन स्वस्तातले घेण्याचा बेत असेल तर तो तिथेच मोडतो.

बिलाचा खरा आकडा

सणांच्या सेलमध्ये किमती दोन-चार हजारांनी खालीवर होतात, म्हणून पुढच्या रकमा पट्ट्यांत समजा. सत्तावीस इंची आयपीएस क्यूएचडी, पूर्ण एसआरजीबी: १५ ते २२ हजार. साधा फोर-के: २२ ते ३५ हजार. कारखान्यात रंग जुळवलेला, पी-थ्रीच्या पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास जाणारा, यूएसबी-सी चार्जिंगचा फोर-के: ४० ते ६० हजार. अडोबी आरजीबी पूर्ण दाखवणारे, छपाईसाठीचे मॉनिटर ऐंशी हजारांपासून पुढे, आणि इझोचे कलरएज लाखाच्या पलीकडे. अॅपलचा फाइव्ह-के स्टुडिओ डिस्प्ले २०२२ मध्ये भारतात आला तेव्हा १,५९,९०० रुपयांना होता, आणि उंची कमी-जास्त करणाऱ्या स्टँडचे ४० हजार वेगळे. त्याला एचडीएमआय नाही, हेही लक्षात असू द्या.

पत्रिका, फ्लेक्स, सोशल मीडियाच्या पोस्ट एवढंच काम असेल तर पहिल्या पट्टीत थांबा. फ्लेक्सवरचा रंग उन्हात लवकरच उतरतो; त्याच्यासाठी पन्नास हजारांचा मॉनिटर घेणं म्हणजे मेहनतीचे पैसे घालवणं. पुस्तकं आणि मासिकं करणाऱ्यांनी तिसरी पट्टी गाठायचा प्रयत्न करावा. ती आत्ता झेपत नसेल तर दुसऱ्या पट्टीतला फोर-के आणि त्याबरोबर रंगमापक यंत्र, ही जोडी मला महागड्या पण कधीच न तपासलेल्या मॉनिटरपेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

हे रंगमापक म्हणजे स्क्रीनवर चिकटवायचं छोटं यंत्र. कॅलिब्राइट आणि डेटाकलरचा स्पायडर ही त्यातली परिचित नावं. किंमत १५ ते ३० हजार. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, अर्धा तास वापरायची वस्तू. म्हणून चार डिझायनरांनी मिळून एकच घ्यावं. एखाद्या सहकाऱ्याकडे असेल तर चहाच्या निमित्ताने बोलवा आणि आपला मॉनिटर जुळवून घ्या. पांढऱ्याचं तापमान ६५०० केल्विन, उजेड १०० ते १२० निट्स ठेवून सुरुवात करा.

खोलीचा दिवा बहुतेकांच्या हिशोबात नसतो. पिवळ्या बल्बखाली प्रूफ पिवळं दिसणारच. छपाई उद्योगात प्रूफ ५००० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात पाहतात. चांगल्या रंगदर्शनाची ट्यूब हजार-दीड हजारात मिळते. मॉनिटर खिडकीसमोर किंवा खिडकीकडे पाठ करून ठेवू नका; उजेड बाजूने यावा. भिंत गुलाबी किंवा पोपटी असेल तर मागची तेवढी जागा राखाडी रंगवून घ्या.

एक नमुना हिशोब मांडते. मॉनिटर ४५ हजार, आर्म ४ हजार (मॉनिटरच्या मागे वेसाची १०० बाय १०० ची चार भोकं आहेत ना, ते पाहून), चांगली केबल दीड हजार, रंगमापकातला वाटा ६ हजार, ट्यूब दीड हजार. बेरीज ५८ हजार. मॉनिटर पाच वर्षं सहज चालतो. महिन्याला पडले साडेनऊशे ते हजार रुपये. वीज फारशी लागत नाही: ३५ वॅटचा मॉनिटर रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस चालवला तर ८४ युनिट होतात. गावाकडे दिवे जात-येत असतील तर लहान यूपीएसचे तीन-चार हजार आणखी धरा.

जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला क्रमांक घालून घ्यायला विसरू नका. सत्तावीस इंची मॉनिटरवर १८ टक्के कर आहे. तीस हजारांच्या बिलात ४,५७६ रुपये कराचे असतात, आणि नियमित करदात्याला ते आपल्या कराच्या देण्यातून वळते करता येतात. रोखीत 'बिलाशिवाय दोन हजार कमी' म्हणणारा दुकानदार तुम्हाला फायद्यात ठेवत नाही. वॉरंटीही त्या बिलावरच अवलंबून असते.

कंपन्यांतून निघालेले वापरलेले मॉनिटर निम्म्या किमतीत मिळतात. मेनूत वापराचे तास दिसत असतील तर बघा. बॅकलाइट झिजला की पांढरा पिवळसर होतो आणि कोपरे काळवंडतात. मजकुराच्या कामाला चालेल, रंगासाठी घेऊ नका. अमेरिकेतून येणाऱ्या भावाकडून मागवण्याचा मोहही आवरा; वॉरंटी बरेचदा ज्या देशात विकत घेतला तिथपुरतीच असते.

दुकानात आणि पहिल्या दिवशी

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या गावातल्या दुकानात जाताना पेनड्राइव्हवर आपल्याच कामाची पीडीएफ आणि त्याच कामाची छापील प्रत न्या. दुकानात मॉनिटर भडक मोडवर लावलेले असतात. सेटिंग रीसेट करून एसआरजीबी मोड लावायला सांगा, ब्राइटनेस खाली आणा आणि मग प्रत शेजारी धरा. दुकानदार घाई करत असेल तर दुसरं दुकान बघा.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण काळी, पांढरी, लाल, हिरवी, निळी आणि राखाडी पट्टी एकेक करून स्क्रीनभर उघडा. काळ्यावर चमकणारा ठिपका, पांढऱ्यावर काळा ठिपका, राखाडीवर कोपऱ्यातले डाग शोधा. एखादा मृत पिक्सेल असला तरी बऱ्याच कंपन्या तो दोष धरत नाहीत. किती ठिपक्यांनंतर बदलून मिळेल हे वॉरंटीच्या कागदात असतं, ते घेण्याआधी वाचावं. डेल अल्ट्राशार्पसाठी एकच चमकता ठिपका निघाला तरी वॉरंटीत मॉनिटर बदलून देते, आणि हा फरक किमतीत धरण्यासारखा आहे. ऑनलाइन घेतला असेल तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, आणि परतीची मुदत किती दिवसांची, पैसे परत मिळतात की फक्त वस्तू बदलून, हे ऑर्डर देण्याआधी पाहून ठेवा.

तक्रार अडली तर 'तुम्ही धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहक नाही' असं ऐकवलं जाऊ शकतं. त्याला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्टीकरण आहे: स्वयंरोजगारातून केवळ आपली उपजीविका चालवण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा वापर व्यापारी हेतूत मोडत नाही. घरी बसून काम करणारा एकटा डिझायनर या व्याख्येत येतो. आधी कंपनीला लेखी तक्रार, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि तरी दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे तक्रारीचं शुल्क नाही. लागतं ते बिल, ईमेलची साखळी आणि त्या ठिपक्याचा तारखेसह काढलेला फोटो. खोकं आणि आतलं थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या, कारण सर्व्हिस सेंटरकडे पाठवायची वेळ आली तर वाटेत काच फुटू न देणारं दुसरं काही घरात सापडत नाही.